घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या माणसासमोर 'घोडबंदर' म्हटलं की डोळ्यांपुढे घोडा येत नाही, कंटेनर येतो. गायमुखच्या चढावर बंद पडलेला कंटेनर, त्याच्या मागे काशिमीऱ्यापर्यंत लागलेली रांग आणि फोनवरच्या नकाशातली गडद लाल रेघ. पण नाव तर घोड्याचं आहे. वसईच्या खाडीकाठी घोडबंदर गावात पोर्तुगिजांनी बांधलेला किल्ला अजून उभा आहे. अरबी घोडे इथे उतरायचे म्हणून हे घोड्यांचं बंदर, अशी परंपरागत समजूत. टॉलेमीनं दुसऱ्या शतकात ज्याचा उल्लेख केला ते 'हिप्पोकुरा' म्हणजे हेच, असंही काही अभ्यासकांनी सुचवलं होतं, कारण ग्रीकमध्ये 'हिप्पोस' म्हणजे घोडा. त्यावर एकमत नाही. पण या किनाऱ्यावर घोडे समुद्रातून येत, यात मात्र वाद नाही.

मला या इतिहासात रस निर्माण झाला तो एका अगदी आजच्या प्रश्नामुळे. आमच्या भागात एक काका लग्नाच्या वरातींसाठी घोड्या पुरवतात. तीन घोड्या, एक तबेला, आणि नोव्हेंबर ते मे हा हंगाम. मूळचे शहाद्याकडचे. दर वर्षी दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तिथे एक घोडी विकायची आणि एक नवी आणायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी स्वतःची गाडी घ्यायची होती. फोनवर त्यांनी अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते : मोठा पिकअप ट्रक, त्याच्या पाठीवर झोपायची खोली, म्हणजे कॅम्पर, आणि मागे जोडलेला घोड्यांचा ट्रेलर. "तू इंजिनीअर आहेस ना? मग सांग, असं आपल्याकडे का नाही जमणार?" असा त्यांचा थेट सवाल.

मी सॉफ्टवेअरवाला. पण इंजिनीअर म्हटलं की लोक मिक्सरपासून ट्रकपर्यंत सगळं विचारतात. मी आकडेमोड करायला बसलो आणि वाचता वाचता सातशे वर्षं मागे गेलो.

चामड्यावर उभा केलेला घोडा

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं होर्मुझच्या जहाजांचं वर्णन केलंय. लोखंडी खिळे नाहीत, फळ्या नारळाच्या काथ्यानं शिवलेल्या, एकच डोलकाठी, आणि वर डेक नाही. माल भरायचा, त्यावर चामडी पसरायची आणि त्या चामड्यांवर हिंदुस्थानात विकायचे घोडे उभे करायचे. अशा जहाजांतून प्रवास करणं जिवावरचं काम आहे आणि त्यातली बरीच बुडतात, हेही तो सांगतो.

हे वाचताना मला हसूच आलं, कारण ही तर पिकअपचीच अडचण आहे. घोडा हे उंच ओझं आहे. साडेचारशे किलोचा जीव चार काठ्यांसारख्या पायांवर उभा. तो मालाच्या वर ठेवला की सगळ्याचा गुरुत्वमध्य वर जातो. शिवाय हे ओझं जिवंत. सिमेंटची गोणी वळणावर घाबरत नाही, घोडा घाबरतो. गोणीला पाणी लागत नाही, घोड्याला दिवसाला तीसेक लिटर लागतं. आणि घोड्याला उलटी होऊ शकत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. त्यामुळे पोटात बिघाड झाला की तो बाहेर पडायला वाट नसते. पोटशूळ हे आजही घोड्याच्या मृत्यूचं मोठं कारण आहे.

याच मार्को पोलोनं आपल्या ठाण्याबद्दल एक भन्नाट गोष्ट लिहून ठेवलीय. इथल्या राजाचं समुद्री चाच्यांशी संगनमत होतं. करार साधा : लुटलेल्या जहाजावरचे घोडे राजाचे, बाकी सगळा माल चाच्यांचा. कारण राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते, आणि इकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक जहाजावर घोडे असायचेच. म्हणजे आजच्या ठाणे खाडीच्या परिसरात एके काळी सोन्याआधी घोड्यावर हक्क सांगितला जायचा.

आता दुसरी गोष्ट. फर्नाव नुनिश हा सोळाव्या शतकातला पोर्तुगीज, विजयनगरला राहून आलेला. तो सांगतो की तिथल्या नरसिंह राजानं होर्मुझ आणि एडनहून घोडे मागवले आणि व्यापारी मागतील तो भाव दिला. जिवंत असो वा मेलेला, तीन घोड्यांना हजार पर्दाव. वाटेत समुद्रात घोडा मेला तर नुसती शेपटी आणून दाखवायची, पैसे जिवंत घोड्याइतकेच.

दोन राजे, दोन पद्धती. ठाण्यात घोडा गेला तर नुकसान व्यापाऱ्याचं. विजयनगरात घोडा मेला तरी नुकसान राजाचं. जहाज तेच, समुद्र तोच, पण जोखीम वेगळ्या खिशात. घोडा कशातून न्यायचा, हा प्रश्न वाहनाचा वाटतो. पण खरा प्रश्न त्याच्या आधी येतो : वाटेत घोडा मेला तर पैसे कुणाचे बुडणार? मला वाटतं, घोडं पेंड खातं ते इथेच.

ओढायचं की वाहायचं

काकांच्या ट्रेलरकडे वळण्याआधी आणखी एक फरक बघू. ओझं हलवायचे दोन प्रकार : पाठीवर वाहायचं, किंवा मागे ओढायचं. शाळेतलं भौतिकशास्त्र सांगतं की ओढणं स्वस्त. बैल पाठीवर जेवढं वाहतो त्याच्या कित्येक पट गाडीला जुंपल्यावर ओढतो. तरीही शतकानुशतकं दख्खनचा दूरचा व्यापार मुख्यतः पाठीवरून चालला. वंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून चालत. मोठमोठ्या फौजा त्यांच्या भरवशावर जेवत. १८०३ च्या युद्धात वेलस्लीच्या सैन्यानंही त्यांच्यावरच मदार ठेवली होती.

का? कारण ओढायला रस्ता लागतो, वाहायला वाट पुरते. कोकणातून देशावर जायचं तर मध्ये सह्याद्री. चाकाची गाडी जाईल असा बोरघाटाचा रस्ता माल्कमच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला. तोवर घाटातून जे गेलं ते बहुतेक माणसाच्या डोक्यावरून, बैलाच्या किंवा तट्टाच्या पाठीवरून. धनगरांचे वाडे आजही मेंढरांबरोबर घाट उतरतात तेव्हा तट्टाच्या पाठीवर भांडीकुंडी, अंथरूण, कोंबड्या आणि कधीकधी एखादं लहान मूल असतं. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं आपण सहज म्हणतो, पण अमेरिकेत ज्याला कॅम्पर म्हणतात त्याची देशी आवृत्ती हीच. फरक इतकाच की इथे घोडाच घर वाहतो.

ओढण्याची दुसरी अडचण इतिहासात फार मोठ्या किमतीला शिकायला मिळाली. सदाशिवरावभाऊ उत्तरेत निघाले तेव्हा बरोबर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या, बैलांनी ओढल्या जाणाऱ्या. बरोबर बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. जड सामान आणि कबिला मागे ठेवून हलक्या घोडदळानं लढावं, असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी दिल्याचं सांगतात. तो मानला गेला नाही. पानिपतच्या पराभवाची कारणं अनेक आहेत आणि त्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चाललीयत, मी त्यात पडत नाही. पण एक गोष्ट साध्या गणितासारखी आहे. काफिल्याचा वेग त्यातल्या सर्वांत संथ गोष्टीइतका असतो. मागे जे जोडलंय ते तुमचा वेग ठरवतं, थांबा ठरवतं, वळण ठरवतं. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांचे घोडे रणात उतरले तेव्हा ते अर्धपोटी होते, कारण अवजड छावणी महिनोन्‌महिने एका जागी अडकून पडली होती.

छावणी नीट हलवणं ही मात्र मराठ्यांची कला होती. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिचं वर्णन पत्रांतून केलंय. कूच करायच्या आधी बिनीवाला पुढे जायचा आणि मुक्कामाच्या जागी निशाण रोवायचा. मग प्रत्येक बाजाराचं निशाण आपापल्या ठिकाणी. मागून अख्खं शहर येऊन ठरल्या जागी बसायचं. आपण 'बिनीचे शिलेदार' म्हणतो, त्यातली बिनी ती हीच.

आणि शिलेदार? हा शब्द आज कौतुकाचा झालाय, पण मुळात तो मालकीचा शब्द आहे. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा, म्हणून त्याला पगार जास्त. पण घोडा मेला की त्याची पुंजी गेली. त्या काळी मराठी सैन्यात नोकरी केलेल्या युरोपियनांनी लिहून ठेवलंय की स्वतःचा घोडा असलेला स्वार तो सहज धोक्यात घालत नसे. काहींनी याला भित्रेपणा म्हटलं. मला तो हिशेब वाटतो. ज्याचं कर्ज त्याच्या घोड्यावर आहे, तो घोडा जपणारच.

आमचे काका शिलेदार आहेत. एका चांगल्या घोडीची किंमत लाखात. विमा नाही. शेपटी दाखवून पैसे देणारा राजाही नाही.

मुंबईतले घोडे गेले कुठे?

मधल्या काळात मुंबईनं घोड्याला आधी कामाला लावलं, मग रजा दिली. ९ मे १८७४ ला इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीकडे ९०० घोडे होते, असं सांगितलं जातं. रुळावर चाक कमी घर्षणानं फिरतं, म्हणून एक-दोन घोडे डबाभर माणसं ओढू शकत. चांगला रस्ता मिळाला की ओढणं वाहण्यावर मात करतं, ते असं. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम आली आणि ते काम संपलं. १८८३ मध्ये महालक्ष्मीचं रेसकोर्स उभं राहिलं, तिथले घोडे वेगळ्या जगातले. व्हिक्टोरिया मात्र टिकल्या. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि तेही प्रकरण मिटत गेलं. शहरात सामान्य माणसाच्या वाट्याला घोडा उरला तो मुख्यतः वरातीत.

घोड्याची जागा घेणाऱ्या गाड्याही याच परिसरातल्या. १९४७ पासून महिंद्रानं मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, तीही लष्करी कुळातलीच. १९८६ मध्ये टाटाची ४०७ आली, २००० मध्ये बोलेरो, २००५ मध्ये टाटा एस. टाटा एसला लोकांनी लगेच नाव दिलं 'छोटा हत्ती'. जनावरांची जागा यंत्रानं घेतली तरी आपण यंत्राला जनावराचंच नाव देतो, याची मला गंमत वाटते.

काकांचा हिशेब

आता ट्रेलर. खरं सांगायचं तर घोड्याच्या दृष्टीनं ट्रेलर चांगला. त्याचा तळ जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतो, घोडा उतारावरून चालत आत जातो. पिकअपचा हौदा पावणेतीन फुटांवर. त्यात पाच फुटी घोडी उभी केली की तिचं वजन जमिनीपासून साडेपाच-सहा फुटांवर केंद्रित होतं. होर्मुझच्या जहाजासारखंच.

मग अमेरिकन जोडी का नको? त्या व्हिडिओंमध्ये एक आकडा मोठ्यानं सांगतात : गाडी किती टन ओढते. साधारण पिकअपही तिकडे चार-साडेचार टन ओढतो. पण दुसरा आकडा हळू आवाजात असतो : स्वतःच्या पाठीवर किती वाहते. तो कित्येकदा सात-आठशे किलोच असतो. ट्रेलर मागे जोडला तरी त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकावर येतो. दोन घोड्यांसकट दोन टनांचा ट्रेलर म्हणजे दोन-तीनशे किलो तिथेच गेले. वर कॅम्पर ठेवला, छोट्यांपैकी एखादा, तरी पाच-सहाशे किलो होऊ शकतात. वर माणसं, पाणी, चारा. ओढायची ताकद भरपूर शिल्लक असते आणि पाठ मात्र आधीच मोडलेली असते. म्हणूनच तिकडे घोडा आणि घर दोन्ही नेणारे लोक त्याहून दणकट, जड ट्रक घेतात.

आपल्याकडे आणखी भर. ट्रेलरची वेगळी नोंदणी. कसाऱ्याच्या घाटात ब्रेक मारल्यावर मागून दोन टन ढकलतात, त्यामुळे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. आणि वरातीच्या गल्लीत ट्रेलर मागे घ्यायचा, म्हणजे नवरदेव दुसऱ्या दिवशी पोहोचणार. ओढायला रस्ता लागतो, हे १८३० च्या आधी खरं होतं आणि आमच्या गल्लीत आजही खरं आहे.

कॅम्परचं तर वेगळंच. आपल्याकडे कॅम्पर म्हणजे एकतर ऑफिसात पाणी ठेवतात तो जार, नाहीतर डबल केबिनची बोलेरो कॅम्पर. तिच्यात पाच माणसं ऐसपैस बसतात, पण हौदा उरतो जेमतेम पाच फुटांचा. त्यात घोडी आडवी-उभी कशीही मावत नाही.

मग नियम वाचले. १९७८ चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम वाचण्यासारखे आहेत, कारण ते घोडा ओळखणाऱ्या माणसानं लिहिल्यासारखे वाटतात. विशेष फाळका हवा, बाजूंना गादी हवी. दोन घोड्यांच्या मध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू. घोड्याचं तोंड डावीकडे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांपासून दूर. बरोबर एक माणूस. आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. मोटार वाहन नियमांत एका घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा सांगितलीय. नऊ फुटी हौद्यात कागदावर दोन घोड्या बसतात, जेमतेम.

काशिमीरा ते सारंगखेडा सुमारे चारशे किलोमीटर. ताशी ३५ नं अकरा-बारा तास, शिवाय पाणी आणि विसावा. म्हणजे इंजिन किती ताकदीचं, हा प्रश्नच उरत नाही. या वेगाला कुठलाही पिकअप पुरतो. उरतात ते प्रश्न असे : हौदा किती लांब, फाळका किती खाली येतो, मागचे पाटे किती कडक, ब्रेक कसे, आणि चालवणारा कोण.

शेवटी काकांनी १.७ टनी बोलेरो पिकअप घेतला, जुना. एका घोडीचं वजन त्याच्या क्षमतेच्या जवळपास पाव भाग, म्हणजे पाठ मोडायचा प्रश्न नाही. पत्र्यावर लाकडी फळ्या, त्यावर काथ्याची जाड चटई. आडवा बांबू. बाजूंना गोणपाटात पेंढा भरून गाद्या. एका वेळी एकच घोडी, बरोबर हौद्यात मोतद्दार. घोडी बाजारात उतरली की हौदा धुवायचा, फळ्यांवर अंथरूण टाकायचं, वर ताडपत्री ओढायची. झाला कॅम्पर. ट्रेलरचा हट्ट त्यांनीच सोडला. म्हणाले, "आपल्याला ओढायचं नाही रे, पोचवायचंय."

मी पिढ्यान्‌पिढ्यांचा जो इतिहास वाचत होतो तो याच दोन शब्दांत मावतो. ठाण्याच्या राजाला घोडा हवा होता, तो कसा आला याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. विजयनगरच्या राजानं शेपटीचेही पैसे मोजले. मरणाऱ्या घोड्याची चिंता करणं दोघांनाही परवडलं नाही किंवा त्यांना गरज पडली नाही. ज्यांना ती करावी लागली ते शिलेदार होते, धनगर होते, वंजारी होते. त्यांची गाडी, वाट आणि वेग ठरवताना ताकदीचा आकडा शेवटी यायचा. पहिला यायचा तो जनावराचा जीव, कारण त्यावर त्यांचं घर चालायचं.

म्हणून गाडी घ्यायला निघालेल्या कुणालाही, मग घोड्यासाठी असो वा टेम्पोच्या धंद्यासाठी, मी आता एवढंच सांगतो. शोरूममधला माणूस गाडी किती ओढते ते सांगेल. ती भरल्यावर थांबते कशी, वळते कशी, आणि हौद्यातलं काही गमावलं तर कुणाचं गमावलं जाईल, हे तुम्ही विचारा. या दत्तजयंतीला घोडबंदर रोडवर ताशी ३५ नं चाललेला, मागे तोंड डावीकडे करून उभी असलेली घोडी घेतलेला पिकअप दिसला, तर हॉर्न वाजवू नका. तो हळू चाललेला नाही. तो बरोबर वेगानं चाललाय.